प्राणवायू नव्हता म्हणून जमलं

वाचकांचे प्रश्न, ग्वाल्हेर

गेल्या महिन्यात आपल्याकडे दोन-तीन संध्याकाळी जी आंधी आली आणि तिच्यामागून विजा कडाडल्या, त्यानंतर आलेल्या पत्रांत बहुतेक प्रश्न विजेबद्दलच आहेत, आणि त्यातले निम्मे फिरून फिरून एकाच जागी येतात, की पृथ्वीवर पहिला जीव यायच्या आधी हवेत नेमकं चाललं काय होतं. मला हा विषय मनापासून आवडतो. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे तेव्हा ऑरगॅनिकचा पहिला तास मी यानेच सुरू करायचे. त्यामुळे या अंकात बाकीची पत्रं बाजूला ठेवते, त्यांचा नंबर पुढच्या वेळी.

प्रश्न: माझा नातू बारावीला आहे, बायोलॉजी मोठ्याने वाचतो, त्यामुळे माझाही अभ्यास होतो. त्याच्या पुस्तकात आहे की पूर्वी पृथ्वीच्या हवेतल्या वायूंवर विजा पडून जीवनाचे मूळ पदार्थ तयार झाले. ताई, मला एवढंच विचारायचंय की वीज तर आजही पडते, परवाच आमच्या मागच्या पिंपळावर पडली, हवा आहे, पाणी आहे, मग आज का नाही होत ते पदार्थ तयार? (एक आजी, जनकगंज, लष्कर)

उत्तर: आजी, तुम्ही अगदी मुळाला हात घातलात. वीज तीच आहे, पाणीही तेच आहे, बदलली आहे ती हवा. आज आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन आहे. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं, आणि त्यातली पहिली जवळपास २०० कोटी वर्षं हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच.

आता वीज पडते तेव्हा काय होतं बघा. त्या एका क्षणात हवा इतकी तापते की वायूंचे रेणू तुटतात, अणू सुटे होतात, आणि सुटे झालेले अणू जो पहिला सापडेल त्याच्याशी जोडी करतात. आज सगळीकडे ऑक्सिजन भरलेला, त्यामुळे नायट्रोजनला तोच सापडतो, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड होतात, ते पावसात विरघळून नायट्रेट म्हणून जमिनीत उतरतात. पिकाला ते खत म्हणून उपयोगी पडतं, म्हणजे पिंपळावर पडलेली वीज अगदीच वाया गेली नाही. पण त्यातून जीवनाच्या विटा बनत नाहीत.

ऑक्सिजन नसेल तर तीच वीज वेगळं काम करते. सुटा झालेला कार्बन, नायट्रोजन आणि हायड्रोजन एकमेकांना धरतात आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतो. दुसरीकडे कार्बन, हायड्रोजन आणि पाण्यातून किंवा कार्बन डायऑक्साइडमधून आलेला थोडा ऑक्सिजन मिळून फॉर्मल्डिहाइड होतं. सायनाइड म्हणजे कडू बदामाच्या वासाचं जालीम विष, आणि फॉर्मल्डिहाइड म्हणजे नातवाच्या लॅबमध्ये बेडूक ज्या फॉर्मॅलिनच्या बरणीत बुडवून ठेवलेले असतात ना, त्यातला मुख्य पदार्थ. दोन्ही आपल्याला मारणारे. पण त्या वेळी मरायला कोणी नव्हतंच, आणि केमिस्टच्या नजरेने बघितलं तर हे दोन रेणू म्हणजे न फुटलेले फटाके आहेत, ऊर्जा आत दाबून बसलेले, संधी मिळाली की दुसऱ्याशी जुळायला तयार.

ते जुळतात कसे हे तर, १९५३ मध्ये चंबूतल्या वायूंत ठिणगी सोडून हे करून दाखवणाऱ्या मिलरच्या (त्याची गोष्ट पुढच्या उत्तरात), शंभर वर्षं आधीच माहीत झालं होतं. १८५० साली श्ट्रेकर या जर्मन केमिस्टने दाखवलं की आल्डिहाइड (फॉर्मल्डिहाइडच्या कुटुंबातला पदार्थ), अमोनिया आणि सायनाइड एकत्र आणून नंतर पाण्याने ते संयुग फोडलं की अमिनो आम्ल मिळतं, म्हणजे आपली प्रथिनं ज्यांची बनतात ती वीट. १८६१ मध्ये रशियाच्या बुटलेरॉवने फॉर्मल्डिहाइड चुन्यासारख्या क्षारात ठेवलं तर त्यातून साखरा तयार झाल्या. आणि १९६० च्या आसपास जोआन ओरोने अमोनिया आणि सायनाइडच्या द्रावणातून अॅडेनिन मिळवलं, म्हणजे आपल्या डीएनएमधलं ते ए अक्षर. अॅडेनिनचा रेणू मोजून बघा, ५ कार्बन, ५ हायड्रोजन, ५ नायट्रोजन, बरोबर हायड्रोजन सायनाइडचे पाच रेणू. मी हे पहिल्यांदा फळ्यावर मोजून दाखवलं की वर्ग एकदम शांत व्हायचा. ज्या विषाने माणूस मिनिटांत मरतो त्याचेच पाच तुकडे जोडून आपल्या प्रत्येक पेशीतलं अक्षर बनतं, हे ऐकून मुलांना जे वाटायचं ते मला आजही वाटतं.

आता यात ऑक्सिजन सोडा, सगळा खेळ बिघडतो. दिवाळीचा चिवडा उघड्या डब्यात राहिला की खवट होतो, कापलेलं सफरचंद काळं पडतं, हे सगळं ऑक्सिजनचंच काम. तसेच हे नाजूक रेणू बनता बनता तो हळूहळू जाळून टाकतो आणि शेवटी हातात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एवढंच उरतं. मराठीत आपण त्याला प्राणवायू म्हणतो आणि आपल्यापुरतं ते नाव खरं आहे, पण जीवनाची पहिली सामग्री तयार होत होती तेव्हा तो प्राणवायू हवेत नव्हता म्हणूनच ते जमलं. हवेत तो टिकून राहायला लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि तोही सूक्ष्म जीवांनीच सोडला, म्हणजे जीव आधी आले आणि प्राणवायू नंतर. ऑक्सिजन नाही म्हणजे ओझोनचा थरही नाही, त्यामुळे सूर्याचे अतिनील किरण थेट खालपर्यंत यायचे, आणि त्या काळी रेणू तोडायला विजेपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा याच किरणांकडून मिळत होती. पुस्तकात विजेचं चित्र ठळक असतं म्हणून सूर्य विसरला जातो.

अजून एक कारण आहे आणि ते तुमच्या स्वयंपाकघरातलं आहे. समजा आज एखाद्या डबक्यात असं थोडं काही तयार झालंच, तर ते टिकणार किती? ओट्यावर साखर सांडली की मुंग्यांना किती वेळ लागतो? आज थेंबाथेंबात बॅक्टेरिया आहेत, ते खाऊन टाकतील. डार्विनने १८७१ साली आपल्या एका मित्राला पत्रात हेच लिहिलं होतं, की एखाद्या लहानशा उबदार तळ्यात असं काही बनलं तर आज ते लगेच गिळलं जाईल, जीव यायच्या आधी मात्र तसं झालं नसतं.

प्रश्न: मॅडम, आमच्या पुस्तकात लिहिलंय की मिलरने तो प्रयोग ८०० डिग्रीवर केला. आणि कोचिंगमध्ये सर म्हणाले की मिलरने घेतलेले गॅसच चुकीचे होते, प्रयोग आता बाद आहे, परीक्षेपुरता पाठ करा. मग नक्की खरं काय? (बारावीचा विद्यार्थी, थाटीपूर)

उत्तर: बाळा, परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिही, मार्क जाऊ देऊ नकोस, पण डोक्यात मात्र खरं ठेव. मिलरच्या उपकरणात दोन काचेचे चंबू होते. खालच्या अर्ध्या लिटरच्या चंबूत पाणी उकळत होतं, म्हणजे १०० डिग्रीच्या आसपास, तो त्याचा समुद्र. वरचा पाच लिटरचा चंबू म्हणजे आकाश, त्यात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि खालून आलेली वाफ, आणि दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये सतत ठिणगी. पुढे थंड पाण्याने गार होणारी नळी, तिच्यात वाफेचा पाऊस होऊन तो परत खाली समुद्रात. ठिणगी जिथे पडते तिथली हवा त्या जागी, त्या क्षणी, फार तापते हे खरं, पण अख्खं उपकरण ८०० डिग्रीवर ठेवलेलं नव्हतं. नाहीतर पाणी राहिलं असतं कुठे?

आता गोष्ट नीट सांगते कारण ती सांगण्यासारखी आहे. स्टॅनली मिलर तेव्हा शिकागो युनिव्हर्सिटीत पीएच.डी.चा विद्यार्थी, वय २२. हॅरॉल्ड युरी हे तिथले मोठे प्रोफेसर, जड हायड्रोजनच्या शोधासाठी १९३४ चं नोबेल मिळालेले. युरींनी एका व्याख्यानात म्हटलं होतं की जुन्या पृथ्वीची हवा हायड्रोजनने भरलेली असावी आणि कोणीतरी असा प्रयोग करून बघायला हवा. रशियाच्या ओपारिनने १९२४ मध्ये आणि इंग्लंडच्या हाल्डेनने १९२९ मध्ये साधारण असाच विचार मांडला होता, हाल्डेनने तर त्या समुद्राला गरम पातळ सूप म्हटलं होतं. हेच हाल्डेन १९५७ मध्ये कायमचे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. तर मिलर युरींकडे गेला आणि म्हणाला मला हा प्रयोग करायचाय. युरींना वाटलं पोराची वर्षं वाया जातील, म्हणून त्यांनी सहा महिने ते वर्ष एवढीच मुदत दिली.

एका दिवसात पाणी गुलाबी झालं. आठवड्याने गडद लाल आणि गढूळ. मिलरने त्यात मर्क्युरिक क्लोराइड घातलं, म्हणजे चुकून एखादा बॅक्टेरिया असला तर तो वाढून घोटाळा करणार नाही, आणि मग फिल्टर पेपरवर थेंब ठेवून क्रोमॅटोग्राफी केली, म्हणजे मिसळलेले पदार्थ कागदावर वेगवेगळे केले. निनहायड्रिन फवारलं की अमिनो आम्ल जिथे असेल तिथे जांभळा ठिपका उठतो. ग्लायसिन, अल्फा अॅलानिन आणि बीटा अॅलानिन हे तीन त्याला पक्के दिसले, आणखी दोन पुसट. मे १९५३ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत लेख आला आणि त्यावर नाव एकट्या मिलरचं, कारण युरींनी आपलं नाव घालू दिलं नाही, माझं नाव आलं तर सगळे श्रेय मलाच देतील म्हणून. मार्गदर्शक कसा असावा असं कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

एक गोष्ट लक्षात घे. ठिणगीतून अमिनो आम्लं थेट टपकत नाहीत. मिलरने नंतर प्रयोग चालू असताना मधून मधून नमुने काढून तपासले, तेव्हा आधी सायनाइड आणि आल्डिहाइड वाढताना दिसले आणि मग पाण्यात अमिनो आम्लं. म्हणजे वर आजींना सांगितलेली श्ट्रेकरची रिअॅक्शनच. हवेत कच्चा माल आणि पाण्यात जोडकाम.

आता तुझ्या सरांचं म्हणणं. ते पूर्ण चूक नाहीत. ज्वालामुखीतून मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, थोडा नायट्रोजन, गंधकाचे वायू, मिथेन आणि अमोनिया फार नाही. शिवाय अमोनिया अतिनील किरणांत टिकत नाही. त्यामुळे १९७० नंतर बहुतेक शास्त्रज्ञ म्हणू लागले की जुनी हवा प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची होती, आणि तशा हवेत ठिणगी सोडली तर अमिनो आम्लं अगदी नाममात्र मिळत होती. खुद्द मिलरनेही १९८३ मध्ये असे प्रयोग केले आणि हात आखडताच राहिला. तेव्हापासून ‘मिलर बाद’ हे वाक्य रूढ झालं, आणि सर बहुधा तिथे थांबले असतील.

पण गोष्ट तिथे थांबली नाही, पुढचा भाग माझा सगळ्यात आवडता. २००८ मध्ये क्लीव्ह्ज, बाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची हवा पुन्हा घेतली. त्यांच्या लक्षात आलं की अमिनो आम्लं बनतायत, पण सोबत नायट्राइट आणि आम्लही बनतंय आणि शेवटी नमुना तपासायला उकळताना तेच त्यांना खाऊन टाकतंय. मग त्यांनी आम्ल मारायला चुनखडी घातली आणि ऑक्सिडेशन थांबवायला अॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपल्या आवळ्यातलं क जीवनसत्त्व. उत्पन्न शेकडो पटीने वाढलं. तू म्हणशील जुन्या समुद्रात आवळा कुठून आला, बरोबर आहे, पण त्या समुद्रात विरघळलेलं लोखंड भरपूर होतं आणि ते तेच राखणीचं काम करू शकतं. हे लोखंड लक्षात ठेव, शेवटच्या प्रश्नात ते परत येणार आहे.

त्याच वर्षी दुसरीही बातमी आली. मिलर २००७ मध्ये वारले, आणि त्यांच्या जुन्या सामानात १९५० च्या दशकातल्या प्रयोगांच्या लेबल लावलेल्या लहान बाटल्या खोक्यांतून सापडल्या. त्यातल्या एका प्रयोगात त्यांनी ठिणगीवर वाफेचा झोत सोडला होता, जसा ज्वालामुखीतून निघतो, आणि तो प्रयोग जवळपास विसरला गेला होता. आजच्या मशीनवर त्या बाटल्या तपासल्या तर २२ अमिनो आम्लं निघाली. ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात विजा खरोखर चमकतात, फोटो बघितले असशील. म्हणजे अख्ख्या पृथ्वीची हवा मिलरच्या चंबूसारखी नसली तरी ज्वालामुखीच्या तोंडाशी तेवढ्यापुरती तशी हवा असू शकते. शिवाय त्या काळी लोखंडाने भरलेले मोठे अशनी, म्हणजे आकाशातून पडणारे दगड, पृथ्वीवर आदळत होते, तापलेलं लोखंड वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा करतं, म्हणजे मधून मधून काही काळ अख्खी हवासुद्धा मिलरच्या बाजूला झुकली असेल.

अजून दोन बारीक पण छान गोष्टी. २०२१ मध्ये स्पेन आणि इटलीतल्या शास्त्रज्ञांनी हाच प्रयोग काचेऐवजी टेफ्लॉनच्या भांड्यात केला, तर पदार्थांचे प्रकार आणि प्रमाण दोन्ही घटले, म्हणजे चंबूची काच नुसतं भांडं नव्हती, क्षाराने झिजलेली ती काच रिअॅक्शनला मदत करत होती, आणि पृथ्वीवर तसाच सिलिका असलेले खडक जागोजागी. आणि २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या रिचर्ड झेर यांच्या गटाने दाखवलं की पाण्याचे तुषार उडतात तेव्हा लहान-मोठ्या थेंबांमध्ये बारीक ठिणग्या पडतात, आणि नायट्रोजन, मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया असलेल्या हवेत तेवढ्यानेही ग्लायसिन आणि युरॅसिल, म्हणजे आरएनएमधलं यू अक्षर, बनतं. धबधब्याखाली, समुद्राच्या लाटेवर, कुठेही. आता सांग, प्रयोग बाद झाला की त्यातून सत्तर वर्षांचं काम उभं राहिलं?

प्रश्न: मावशी, शाळेच्या सायन्स एक्झिबिशनसाठी आम्ही तिघी मैत्रिणी हा प्रयोग करून दाखवू शकतो का? बाबा म्हणतात तुम्हालाच विचार. (नववी, कंपू)

उत्तर: नाही गं, अजिबात नाही. मिथेन आणि हायड्रोजन आणि वर ठिणगी, त्यात कुठून थोडी हवा आत शिरली तर स्फोट होतो. मिलरने आधी उपकरणातली सगळी हवा पंपाने काढून मग वायू भरले होते. आणि प्रयोग नीट चालला तर आत सायनाइड तयार होतो हे वर वाचलंसच. थर्माकोल आणि एलईडीचं मॉडेल करा, पण सोबत खरं काहीतरी दाखवायचं असेल तर क्रोमॅटोग्राफी दाखवा, मिलरने ज्या युक्तीने ओळख पटवली तीच. कॉफी फिल्टरची किंवा टिपकागदाची पट्टी घ्या, खालून दोन सेंटीमीटरवर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या, पट्टीचं टोक पाण्यात बुडेल पण ठिपका वर राहील अशी ग्लासात टांगा. पाणी वर चढतं आणि काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा असे रंग वेगळे होतात. पेन दोन-तीन कंपन्यांचे घेऊन बघा, काही पेन पाण्यात हलतच नाहीत, ते आधी कळलेलं बरं.

प्रश्न: मॅडम, मी तर वाचलं होतं की जीवनाचं साहित्य उल्कांमधून वरून आलं. मग हवेत बनलं हे खरं की वरून आलं हे खरं? (एक दुकानदार, फालका बाजार)

उत्तर: दोन्ही, भाऊ, आणि मला यात भांडण दिसत नाही. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ एक अशनी पडला, त्यात ७० हून जास्त अमिनो आम्लं सापडली, त्यातली बरीच पृथ्वीवरचे जीव वापरतही नाहीत, म्हणजे ती हाताळताना लागलेली नाहीत हे नक्की. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची माती नासाच्या यानाने सप्टेंबर २०२३ मध्ये आणली, ती तर सीलबंद, आणि २०२५ मध्ये निकाल आला की आपली प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यातली १४ तिच्यात आहेत, आणि डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं.

म्हणजे हे रेणू मुद्दाम घडवून आणावे लागत नाहीत, कार्बन, नायट्रोजन, पाणी आणि थोडी ऊर्जा मिळाली की ते ठिकठिकाणी होतात. शनीचा चंद्र टायटन घ्या. त्याची हवा मुख्यतः नायट्रोजन आणि थोडा मिथेन, आणि त्या हवेवर ऊन पडून असा दाट नारिंगी धूर झालाय की वरून जमीन दिसत नाही. कार्ल सेगन आणि भारतात जन्मलेले बिशुन खरे यांनी लॅबमध्ये असेच वायू घेऊन ठिणगी सोडली, तपकिरी चिकट पदार्थ मिळाला, त्याला त्यांनी १९७९ मध्ये थोलिन हे नाव दिलं. जुन्या पृथ्वीच्या हवेत मिथेन पुरेसा असेल तर आपलं आकाशही काही काळ असंच नारिंगी असेल, आणि तो धूर वर्षानुवर्षं कणाकणाने समुद्रात बसत असेल. आंधी यायच्या आधी मे महिन्यात किल्ल्यामागे आकाश पिवळं-तांबडं होतं ना, तेव्हा मला हमखास हे आठवतं. आपल्याकडची ती राजस्थानची धूळ आहे, पण रंग बघून कल्पना करता येते.

प्रश्न: म्हणजे शास्त्रज्ञांनी चंबूत जीव बनवला असं म्हणायचं का? (नया बाजार)

उत्तर: नाही. विटा बनवल्या, घर नाही. चंबूत जी अमिनो आम्लं मिळतात त्यात डाव्या आणि उजव्या हाताची, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी, निम्मी-निम्मी असतात, जिवंत शरीरातल्या प्रथिनांत मात्र जवळपास सगळी डावीच. त्यांच्या लांब साखळ्या पाण्यात आपोआप जुळत नाहीत, कारण साखळी जुळताना पाणी बाहेर टाकावं लागतं आणि सगळीकडे पाणीच असेल तर ते टाकणार कुठे, म्हणून बरेच जण आता भरती-ओहोटीच्या काठाकडे किंवा वाळून पुन्हा भरणाऱ्या डबक्यांकडे बघतात. साखळी स्वतःची नक्कल करायला कशी लागली हे काम अजून चालू आहे. यावर पूर्ण एक अंक लागेल, तो मी नक्की लिहीन.

प्रश्न: आमची थोडी जमीन मुरारच्या पलीकडे आहे. तिथल्या टेकडीत लाल आणि काळ्या-करड्या पट्ट्यांचे दगड मिळतात, हातात घेतले की जड लागतात. मुलगा म्हणतो यात लोखंड आहे. हे किती जुने असतील आणि ताई, तुमच्या विषयाशी याचा काही संबंध आहे का? (एक शेतकरी, मुरार)

उत्तर: संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. तुमच्या मुलाचं बरोबर असण्याची शक्यता खूप आहे. भूगर्भशास्त्रात आपल्या शहराच्या नावाने खडकांचा एक अख्खा गट ओळखला जातो, ग्वाल्हेर ग्रुप, आणि त्याच्या वरच्या भागाला मुरारचंच नाव आहे. त्यात लोखंडाचे आणि गारगोटीसारख्या चर्टचे पट्टे एकावर एक बसलेले असतात. किल्ल्याचा वालुकाश्म वेगळा, तो नव्हे. वय सुमारे २०० कोटी वर्षं.

हे पट्टे कसे झाले ते बघा. थाटीपूरच्या मुलाला मी म्हटलं होतं की जुन्या समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं. आज समुद्रात लोखंड जवळजवळ विरघळत नाही, कारण ऑक्सिजन मिळताच ते गंजतं आणि गंज तळाशी बसतो. ऑक्सिजन नव्हता तोवर ते पाण्यात मोकळं फिरत राहिलं आणि त्या नाजूक रेणूंची राखण करू शकलं. मग सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्म जीव आले, ऑक्सिजन सोडू लागले, आणि समुद्रातलं लोखंड गंजून थराथराने खाली बसायला लागलं. असे लोखंडाचे पट्टे जगभर आहेत, पश्चिम ऑस्ट्रेलियात तर डोंगरच्या डोंगर, काही याहूनही जुने, आणि तिथेच सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जिवाणूंच्या थरांच्या खुणाही आहेत. म्हणजे ज्या हवेत जीवनाच्या विटा बनल्या ती हवा संपत गेली त्याची नोंद या दगडांत आहे, आणि त्यातला एक तुकडा तुमच्या टेकडीत.

घरी तपासून बघायचं असेल तर लोहचुंबक लावा. दगडात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज असेल तर ओढ लगेच जाणवेल. नुसतं हेमटाइट, लोखंडाचंच दुसरं खनिज, असेल तर ओढ फारशी लागणार नाही, मग बाथरूमची पांढरी टाइल उलटी करून तिच्या खरखरीत बाजूवर दगड जोरात घासा, तांबूस तपकिरी रेघ उमटली तर हेमटाइट. काळ्या पट्ट्याची आणि लाल पट्ट्याची रेघ वेगवेगळी काढा. आणि दगड टेकडीच्या कुठल्या बाजूने, किती उंचीवरून उचलला ते मुलाला वहीत लिहून ठेवायला सांगा, जागा माहीत नसली की भूगर्भवाल्यांना तो दगड वाचता येत नाही.